ओल्ड, सारी आणि मधली रेघ

मोबाईलवर मेसेज आला तेव्हा मीनाबाई सरवदे कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या. तीन झाल्या होत्या. चौथी त्यांनी स्वतःच दिली.

"अहोऽऽ!"

पोस्टात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला 'अहो'चे प्रकार बरोबर कळतात. एक साधं असतं, एक रजिस्टर असतं, आणि एक तारेचं असतं. सरकारने तार बंद केली त्याला बरीच वर्षं झाली, पण धर्मपाल सरवद्यांच्या घरी ती सेवा अजून चालू होती. ते पेपर टाकून तडक स्वयंपाकघरात आले.

"वाचा," मीनाबाईंनी मोबाईल त्यांच्या नाकाला लावला.

"आपला अर्ज मंजूर झाला आहे," धर्मपालांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "बघ! मी म्हणलं होतं की."

"पुढं वाचा."

"स्टॉल क्रमांक सत्तेचाळीस. ठिकाण, मैदानामागील पत्रा शेड. विभाग..." इथे धर्मपालांचा आवाज खाली बसला. "जुना व वापरलेला माल."

कुकरने पाचवी शिट्टी दिली. डाळीचं पिठलं व्हायची वेळ आली होती, पण गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

आता इथे थोडं सांगायला पाहिजे. मीनाबाई, शेजारची अक्कम्मा आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या सोजरबाई अशा तिघी जणी मिळून दोन वर्षं गोधड्या शिवत होत्या. लोकांकडून जुन्या साड्या आणायच्या, धुवायच्या, उन्हात कडक करायच्या, आणि घरातली कामं उरकली की जमिनीवर अंथरून तिघींनी तीन बाजूंनी धावदोरा घालत मध्यावर भेटायचं. गोधडी इतकी मऊ व्हायची, की अंगावर घेतलेला माणूस सकाळी उठायला कुरकुर करायचा. यंदा हस्तकला मेळा भरणार होता, मोठ्या हॉलमध्ये, पंख्याखाली, पांढरे पडदे लावून. तिथे बसायचं, हे ठरलं होतं.

आणि हे तिघींत सगळ्यात जास्त सोजरबाईंनी ठरवलं होतं. त्यांचा थोरला भाऊ कोंडीबा कुर्डुवाडीला असतो. रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला, बोलायला फटकळ. दिवाळीला बहिणीकडे आला की म्हणायचा, "काय सोजरे, चिंध्या शिवतीयास का अजून?" एकदा जावयादेखत म्हणाला. सोजरबाईंनी तेव्हा त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. पण मेळ्याचं कळल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः भावाला फोन लावला, आणि सांगितलं, "रविवारी यायचं. हालमदी हाय माजा स्टाल. वयनीला बी आन."

आता तो रविवारी येणार, आणि बहीण बसलेली असणार पत्र्याच्या शेडमध्ये. एका बाजूला जुन्या बॅटऱ्या, दुसऱ्या बाजूला गंजके कूलर.

"फॉर्मवर काय लिहिलं होतं तुम्ही?" मीनाबाईंनी विचारलं.

फॉर्म इंग्रजीतूनच भरायचा होता. वर तसं ठळक लिहिलं होतं, 'फक्त इंग्रजी'. आणि इंग्रजी हे घरात धर्मपालांचं खातं.

"बरोबर लिहिलं. शब्दाला शब्द. जुन्या म्हणजे ओल्ड, साडी म्हणजे सारी, गोधड्या म्हणजे क्विल्ट्स. ओल्ड सारी क्विल्ट्स." धर्मपाल ताठ झाले. "एकतीस वर्षं मी इंग्रजी पत्ते वाचतोय, मीना. अमेरिकेतनं आलेलं पाकीट सुद्धा कधी चुकीच्या घरी गेलं नाही."

"मग आमच्या गोधड्या बॅटरीवाल्याच्या घरी कशा गेल्या?"

धर्मपालांनी पुढे होऊन गॅस बंद केला.

*

मेळ्याचं कार्यालय सात रस्ता चौकाजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण तिच्यात फायली ठेवल्या होत्या. मीनाबाई जिना चढून वर गेल्या तेव्हा त्यांचा राग पायरीगणिक एकेक डिग्रीने चढला होता, आणि पायऱ्या चव्वेचाळीस होत्या. सोलापूरच्या उन्हाळ्याचा तो साधारण आकडा आहे.

टेबलामागे हिंदुराव नावाचे क्लार्क होते. त्यांनी फॉर्मची प्रत काढली, समोर धरली, आणि पेनाचं टोक 'ओल्ड'वर ठेवलं.

"तुमीच लिवलंय बाई. ओल्ड. ओल्ड म्हणजे जुनं. पाचवीचं पोरगं सांगंल."

"साडी ओल्ड आहे."

"मग साडी विकताय?"

"नाही हो. गोधडी विकतोय."

"गोधडी ओल्ड हाय?"

"गोधडी नवी आहे! गेल्या महिन्यात शिवली!"

"मग ओल्ड काय हाय?"

"साडी!"

"मग साडी विकताय?"

अशा तीन फेऱ्या झाल्या. मागे रांगेत उभा असलेला एक लाकडी खेळणीवाला कळवळून म्हणाला, "मावशी, तुम्ही नक्की काय विकताय ते एकदा ठरवून या की. माझा नंबर हाय."

मीनाबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो आपणहून दोन माणसं मागे जाऊन उभा राहिला.

"हे बगा," हिंदुराव समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि चिडलेल्या माणसाला समजुतीचा सूर मिरचीसारखा लागतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, "विभाग मी ठरवला न्हाय. कॉम्प्युटरनं ठरवला. त्याला ओल्ड दिसलं, त्यानं शेडमदी टाकलं. दुरुस्ती अर्ज द्या. गुरुवारी पाचच्या आत. इंग्रजीत. नेमकं काय चुकलं ते सविस्तर लिवा."

नेमकं काय चुकलं हेच तर कळत नव्हतं. तिन्ही शब्द खरे होते. तीन खरं बोलणारी माणसं एका रांगेत उभी केली आणि मिळून खोटं बोलली, असा प्रकार.

*

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. गल्लीला कळलं म्हणजे सल्ले आले.

अक्कम्मा मूळची दुधनीची. तिचं कन्नड आणि मराठी एकाच पातेल्यात शिजलेलं. ती दारातूनच ओरडली, "कशाला बोंबललालीस ग? ते ओल्ड काढून टाक की! सारी क्विल्टु. झालं."

"म्हणजे लोकांना वाटेल नव्या साड्या फाडून शिवल्या. मी खोटं लिहिणार नाही."

"मग रड."

कोपऱ्यावर ब्युटी पार्लर चालवणारी रेश्मा इंग्लिश मीडियमची. तिने भुवया कोरता कोरता हातातला दोरा दातात धरूनच सल्ला दिला. "काकू, व्हिंटेज लिहा. आजकाल जुन्याला ओल्ड नाही म्हणत, व्हिंटेज म्हणतात. एकदम क्लासी."

शब्द चांगला वाटला. धर्मपालांनी घरी जाऊन त्यांची पिवळी पडलेली डिक्शनरी काढली, चष्मा लावला आणि वाचलं, "द्राक्षाच्या दारूचा हंगाम."

"वा!" मीनाबाई म्हणाल्या. "सोजरबाईंच्या भावाला सांगते, शेडमधनं उठवलं आणि गुत्त्यात बसवलं."

बिचाऱ्या रेश्माचं चुकलं नव्हतं, डिक्शनरी धर्मपालांच्या लग्नाआधीची होती. पण त्या दिवशी कुणाचं चुकलं नव्हतं हे ऐकण्याच्या मनःस्थितीत मीनाबाई नव्हत्या. त्यांना कुणाचं तरी चुकलेलं हवं होतं, आणि शक्यतो हाताशी असलेल्या माणसाचं.

सोजरबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मीना. कोंडीबाला मी सांगते, मेळा रद्द झाला."

हे ऐकून मीनाबाईंचा राग एकदम गार झाला. आणि मीनाबाईंचा गार राग गरम रागापेक्षा वाईट, हे धर्मपालांना ठाऊक होतं. त्यांनी मुकाट्याने चपला घातल्या.

"गुरुबसप्पा सरांकडे जाऊ," ते म्हणाले, आणि तिघी त्यांच्या मागोमाग निघाल्या.

*

गुरुबसप्पा सरांनी चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून लोक त्यांना पाणी किती वाजता येतं, रिक्षा कुठे मिळते, असलंच काही विचारत. व्याकरण कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे ओल्ड सारी क्विल्ट्स हे तीन शब्द कागदावर बघून सरांच्या डोळ्यांत जे आलं, ते जवळपास पाणीच होतं.

"बसा," ते म्हणाले. "सगळे बसा. आधी टाळ्या."

"टाळ्या?"

"सिलॅबल मोजायचे. म्हणजे शब्दाचे घास. एका घासाला एक टाळी. ओल्ड!"

सगळ्यांनी एक टाळी वाजवली.

"सा-री!"

दोन.

"क्विल्ट्स!"

चौघांनी एक वाजवली. अक्कम्माने चार वाजवल्या.

"अक्कम्मा, एकच घास आहे तो."

"कु-इल-टु-सु. चार."

"हे इंग्लिश आहे अक्कम्मा."

"असू दे की. तोंड माझं आहे."

शेजारच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, भजन कधी संपणार आणि प्रसाद आहे का. सरांनी खिडकी लावून घेतली.

"आता जोर," ते म्हणाले. "इंग्रजीत सगळ्या घासांना सारखा मान नसतो. एकावर जोर, बाकीच्यांनी मान खाली घालायची."

"कळलं," मीनाबाई म्हणाल्या. "सासर."

"ब्लॅकबोर्ड घ्या. जोर ब्लॅकवर, एका दमात. दोन शब्दांचा एक झाला. एक झाला म्हणजे आता तो काळा असलाच पाहिजे असं नाही. माझ्या वर्गात शेवटची दहा वर्षं तो हिरवा होता, तरी ब्लॅकबोर्ड. पण तेच मध्ये थांबून, सुटं म्हणा. ब्लॅक... बोर्ड. आता रंग काळाच दाखवावा लागेल. शब्द तेच. दम कुठे घेतला, जोर कुठे दिला, तसा अर्थ फिरला." सरांनी कागदावर बोट आपटलं. "तुमचं ओल्ड सुटं आहे. मोकाट. सुटं विशेषण म्हणजे मोकाट वळू. सारीला ओलांडून गेलं आणि शेवटी जे नाम उभं होतं त्याला धडकलं. गोधडीला! ओल्ड... सारी-क्विल्ट्स. जुन्या झालेल्या, वापरलेल्या गोधड्या. कॉम्प्युटरनं तेच वाचलं."

"मग त्याला बांधायचं कसं?"

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं. चार वर्षं उघडलं नव्हतं, दोनदा झटकावं लागलं. मग त्यांनी ओल्ड आणि सारीच्या मध्ये एक बारीक आडवी रेघ मारली.

"हायफन. आता हे दोन शब्द मिळून एक जोडविशेषण झालं. ओल्ड-सारी, एका दमात. मग क्विल्ट्स. जुनेपण साडीपाशी थांबलं. गोधडी मोकळी."

कागद हातोहात फिरला. मग सोजरबाई म्हणाल्या, "म्हंजे टाका ऱ्हायला व्हता म्हना की."

सरांनी पेन खाली ठेवलं. "चौतीस वर्षं," ते शेवटी म्हणाले, "एकाही पोरानं इतकं नीट सांगितलं नाही."

मीनाबाई मात्र नवऱ्याकडे बघत होत्या. "एवढीशी रेघ. तांदळाएवढी. ती तुम्हाला घालता आली नाही?"

धर्मपाल स्वतःच्या अंगठ्याचं नख निरखत होते. त्या नखात इतकं बघण्यासारखं काय होतं, याचा मीनाबाईंना तेव्हाच संशय यायला हवा होता.

*

गुरुवारी चार वाजता मंडळी कार्यालयात. मीनाबाई पुढे, धर्मपाल अर्ज घेऊन मागे, आणि तज्ज्ञ म्हणून गुरुबसप्पा सर, इस्त्रीचा सदरा घालून. अर्ज सरांनी लिहिला होता. दोन पानी. दुसऱ्या पानावर उदाहरणं होती.

हिंदुरावांनी फाईल उघडली. मीनाबाईंच्या मागच्या भेटीची नोंद तिच्यात वरच लावलेली होती, आणि खाली हिंदुरावांच्या अक्षरात एक शेरा होता. इंग्रजीत.

"काय लिहिलंय ते?" मीनाबाईंनी विचारलं.

धर्मपालांनी मान वाकडी करून वाचलं आणि त्यांना एकाएकी खोकला आला. सरांनी मात्र वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "ॲप्लिकंट शॉर्ट टेम्पर्ड लेडी."

"म्हणजे?"

"म्हणजे शीघ्रकोपी. तापट. असं यांना म्हणायचं आहे." सरांनी चष्मा पुसला. "पण रेघ नाही. त्यामुळे तसं वाचता येत नाही. शॉर्ट सुटं, टेम्पर्ड सुटं. शॉर्ट म्हणजे बुटकी. टेम्पर्ड म्हणजे पाणी दिलेली, कोयत्याच्या पात्याला देतात तसं. बुटकी, पाणी दिलेली बाई."

मीनाबाई चार फूट दहा इंच होत्या.

"तसं दोन्ही खरं आहे," धर्मपाल पुटपुटले.

"रेघ घाला," मीनाबाई हिंदुरावांना म्हणाल्या.

"आँ?"

"मी तापट आहे ना? असेन! पण असेन तर रेघेसकट असेन. घाला तिथे रेघ. माझ्यासमोर."

हिंदुरावांनी घातली. रेघ जरा तिरकी गेली, पण सरांनी ती चालेल म्हणून मान डोलावली. मग हिंदुरावांनी दोन पानी अर्ज बाजूला ठेवला, न वाचताच, आणि कॉम्प्युटरवर मीनाबाईंचा फॉर्म उघडला. ओल्ड लिहिलं. रेघ मारली. सारी लिहिलं. बटण दाबलं.

पडद्यावर लाल पट्टी आली.

"स्पेशल कॅरेक्टर चालत न्हाय म्हणतंय," हिंदुराव म्हणाले. "रेघ, टिंब, कंस, कायबी चालत न्हाय. नुसती अक्षरं."

"व्याकरण चालत नाही?" सरांचा आवाज चिरकला.

आणि इथे, जी वेळ गप्प बसण्यासाठीच आलेली होती त्या वेळी, धर्मपाल सरवदे म्हणाले, "हां. हेच लाल आलं होतं."

सगळे वळले.

"कधी?" मीनाबाईंनी विचारलं. फार हळू विचारलं.

"फॉर्म भरताना. मी घातली होती ना रेघ. पत्त्यात घालतो तशी, सवयीनं. लाल आलं. मग काढली. मला वाटलं, एवढ्याशा रेघेनं काय होतंय..."

पुढचं वाक्य त्या मजल्यावर कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणजे धर्मपालांचं. मीनाबाईंचं सगळ्यांना गेलं. चार दिवस! चार दिवस मी गल्लीभर फिरले, दारूच्या हंगामापर्यंत जाऊन आले, टाळ्या वाजवल्या, सोजरबाई भावाला खोटं सांगायला निघाल्या, आणि तुम्ही नख बघत होता? तुम्हाला माहीत होतं! एका दमात, ज्या शब्दावर जोर पाहिजे त्यावर पाय आपटून, त्या बोलल्या. ओल्ड-सारी! ओल्ड-सारी! साडी जुनी आहे, गोधडी नवी आहे, आणि ज्या कॉम्प्युटरला एक टाका समजत नाही त्याने हस्तकलेचा मेळा भरवू नये! पाय आपटला की टेबलावरचा चहा बशीत सांडत होता.

आतल्या केबिनचं दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. वयाने लहान, पण कार्यालयाच्या प्रमुख. त्यांनी अर्ज वाचला, दोन्ही पानं. त्या इमारतीत असं करणाऱ्या त्या पहिल्याच असाव्यात. मग पडद्याकडे बघितलं.

"सॉफ्टवेअर मुंबईहून येतं, मला बदलता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण रेघ चालत नसेल तर फटसुद्धा ठेवू नका. दोन्ही शब्द चिकटवून टाका. ओल्डसारी. एकच शब्द."

"असा शब्द इंग्रजीत नाही," सर म्हणाले.

"आता आहे," मॅडम म्हणाल्या.

हिंदुरावांनी चिकटवला. कॉम्प्युटरने क्षणभर विचार केला आणि हिरवी पट्टी दाखवली. मुख्य हॉल, पहिली रांग, स्टॉल क्रमांक तीन, विभाग नामांकित ब्रँड. ओल्डसारी म्हणजे काय हे त्याला मुळीच कळलं नव्हतं. म्हणून त्याने मान दिला. पुष्कळ माणसंही असंच करतात, कॉम्प्युटरला एकट्याला कशाला बोला.

*

रविवारी हॉलमध्ये पंखे होते, पांढरे पडदे होते, आणि डोक्यावर कार्यालयाने छापून दिलेला निळा बोर्ड होता, OLDSARI QUILTS. खाली सतरा गोधड्या, आणि मागे भिंतीशी धर्मपाल आणि गुरुबसप्पा सर. सोजरबाईंनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं आणि सकाळपासून त्या एकाच गोधडीचा कोपरा सरळ करत होत्या.

दुपारी बारापर्यंत एकाही माणसाने गोधडीला हात लावला नाही.

लोक यायचे, मान वर करून बोर्ड वाचायचे, आणि आवाज खाली आणायचे. "ओल्डसरी," एकजण बायकोला म्हणाला, "बाहेरची कंपनी दिसतीय. ब्रँडेड. चल पुढं, आपल्या कामाचं न्हाय." दुसऱ्याने विचारलं, सोलापुरात तुमची डीलरशिप कुणाकडे आहे? तिसऱ्या बाईने गोधडीपासून वीतभर अंतरावर हात धरून विचारलं, हे मशीनला धुतलं तर चालतं का, की ड्रायक्लीन? आयुष्यभर ज्या वस्तूत गुंडाळून ती वाढली असेल, तिला ती ओळखत नव्हती.

अक्कम्मा बाहेर चक्कर मारून आली. "शेडमध्ये लई गर्दी आहे. बॅटरीवाला जेवायला सुद्धा उठला नाही."

मीनाबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली होती. आता रागवायचं तरी कुणावर? मागितलं ते सगळं मिळालं होतं. याचा तर जास्तच राग येत होता.

तेवढ्यात कोंडीबा आला. पांढरी टोपी, बायको दोन पावलं मागे. बहिणीकडे न बघता तो आधी बोर्डासमोर उभा राहिला. वर्कशॉपात त्याने डब्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचण्यात जन्म काढला होता, आणि डब्यावरचं अक्षर सुटं सुटंच वाचायचं असतं.

"ओ, एल, डी. ओल्ड," त्याने बोट फिरवत वाचलं. "एस, ए, आर, आय. सारी. ओल्ड... सारी..." मुंबईच्या सॉफ्टवेअरने, मॅडमनी आणि हिंदुरावांनी मिळून चिकटवलेला शब्द त्याने तोंडातल्या तोंडात उसवला. मग हसला. "म्हंजे हालमदी आनून बी जुनंपानंच की ग सोजरे! चिंध्या त्या चिंध्या."

सोजरबाईंचा हात गोधडीच्या कोपऱ्यावर थांबला. त्या हसल्यासुद्धा, पाहुण्यासमोर हसावं तशा. ते हसणं मीनाबाईंना बघवलं नाही.

त्या स्टुलावर चढल्या. चार फूट दहा इंचाच्या बाईला त्याशिवाय बोर्डापर्यंत पोचता येत नव्हतं. बोर्ड ओढून काढला, उलटा केला, शेजारच्या मातीच्या भांड्यांवाल्याकडचं जाड काळं पेन न विचारता उचललं, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं,

जुन्या साडीची नवी गोधडी

लिहिताना 'जुन्या'पाशी त्यांचा हात अडखळला. त्या स्वतःशीच पुन्हा म्हणाल्या, जुन्या साडीची. जुनी नाही, जुन्या. साडीला 'ची' लागला, म्हणून जुनीने निमूट आपलं रूप बदललं आणि साडीच्या मांडीला मांडी लावून बसली. आता ती गोधडीकडे जायचं म्हटलं तरी जाऊ शकत नाही. रेघ नको, टाळ्या नकोत, चौतीस वर्षांचा अनुभव नको. हे आपण जन्मल्यापासून बोलतोय, आणि कुणी सांगितलं नाही.

मातीच्या भांड्यांवाला पेन मागायला हात पुढे करून उभा होता. तो तसाच उभा राहिला.

कोंडीबाने नवा बोर्ड वाचला. एका दमात वाचला, बोट न फिरवता. मग पहिल्यांदाच खाली बघितलं. त्याच्या बायकोने आधीच एका गोधडीवर हात ठेवला होता, हिरवी, काठ विरलेला, मधोमध मोरपिशी तुकडा.

"ही कुनाची?" कोंडीबाने विचारलं.

"आयच्या लुगड्याची," सोजरबाई म्हणाल्या. "ती गेल्यावर तू म्हनला व्हतास, नदीला सोडून दी."

कोंडीबा गोधडीवर वाकला. बायकोकडून चष्मा मागून घेतला आणि टाके बघत राहिला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघितले. "बारीक हायती," तो शेवटी म्हणाला. त्याच्या तोंडून ही स्तुती होती. वर्कशॉपात चाळीस वर्षांत त्याने एवढी कुणाची केली नसेल. "दी मला ही."

"ही न्हाय मिळायची. बगायला मांडलीया." सोजरबाईंनी गोधडी आपल्याकडे ओढली, मान वर करून. "दुसऱ्या सोळा हायती. बग त्यातली."

कोंडीबाने मान डोलावली, आणि रांगेत उभं राहावं तसा पुढच्या गोधडीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला बघून आणखी दोघं थांबले. ड्रायक्लीनवाली बाई परत आली, तिने गोधडी उचलून थेट गालाला लावली आणि म्हणाली, "अय्या, ही तर आमच्या घरात होती!"

अशा वेळी हिंदुराव फेरीवर आले. छातीवर बिल्ला, हातात यादी. त्यांनी गर्दी बघितली, उलटा बोर्ड बघितला, वाचला, आणि त्यांचा चेहरा निर्मळ आनंदाने उजळला.

"हां! आत्ता कळलं!" ते म्हणाले. "आवो बाई, हे असं पयल्यापासनं मराठीतच लिवायचं की! कशाला त्या इंग्रजीच्या नादाला लागला?"

धर्मपालांनी डोळे मिटून घेतले. गुरुबसप्पा सर अनुभवी होते, ते भिंतीला टेकले. अक्कम्माने गर्दीतल्या बायकांना हाताने मागे सारून जागा करून दिली.

त्यानंतर स्टॉल क्रमांक तीनवरून मीनाबाई जे बोलल्या ते पार पत्र्याच्या शेडपर्यंत गेलं, बॅटरीवाला उठून बघायला आला. त्यात इंग्रजीचा एक शब्द नव्हता, मध्ये कुठे दम घेतलेला नव्हता, आणि जोर, सरांनी नंतर सगळ्यांना शपथेवर सांगितलं, जिथे पडायला पाहिजे होता बरोबर तिथेच पडत होता.